ब्रेकबाईने पैसे परत घेतले

माझ्या मावशीला तोंडावर ब्रेकबाई म्हणायची कुणाची टाप नव्हती, पण पाठीमागे सगळे तेच म्हणायचे. ती गाडी चालवायला शिकवायची. शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसायची आणि तिच्या पायाखाली एक जादा ब्रेक असायचा. समोर धोका दिसला की ती तो दाबायची, आणि शिकणारा फार शहाणपणा बोलायला लागला तरीही दाबायची. गाडी गचकन थांबायची, शहाण्याचं कपाळ पुढं जाऊन मागं यायचं, आणि मावशी शांतपणे विचारायची, "हं, काय म्हणत होतात?"

तिच्या जिभेला हाड नव्हतं. कुणी आरशात स्वतःला न्याहाळायला लागलं की, "आरसा मागचं बघायला दिलाय, भांग पाडायला नाही." कुणी उगाच हॉर्न वाजवला की, "बोंब मारून रस्ता रुंद होत नाही." एका वकिलाने गिअर खसाखसा ओढला तेव्हा म्हणाली, "अहो, गिअर आहे तो, आरोपीची कॉलर नाही." लोक घरी जाऊन रडायचे आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर व्हायचे. कारण तिच्या हाताखालून गेलेला माणूस परीक्षेत नापास होत नसे.

मग एका संध्याकाळी तिने 'सावकाश ड्रायव्हिंग स्कूल'ची पाटी उतरवली आणि गाडी विकून टाकली. विचारेल त्याला सांगायची, "मूर्खांचा कंटाळा आला." सगळ्यांना ते पटलं. न पटण्यासारखं काय होतं त्यात?

खरं कारण तिने मला एकटीला सांगितलं. गुडघ्याच्या व्यायामासाठी मी तिला दवाखान्यात घेऊन जायचे, तिथल्या बाकावर बसल्या बसल्या. एक नवशिकी मुलगी वळणावर गांगरली, समोर सायकलवर एक बाई आली. मावशीने ब्रेक दाबला, पण उशिरा दाबला. "डोक्याने कधीच सांगितलं होतं गं," ती म्हणाली, "पाय मागून आला." सायकलचं पुढचं चाक वाकलं, त्या बाईला खरचटलंसुद्धा नाही. मावशीने तिला नवं चाक बसवून दिलं, मुलीला घरी पोचवलं आणि येऊन पाटी काढली. "पुढच्या वेळी चाकावर भागलं नसतं," ती म्हणाली. पुन्हा तो विषय तिनेही काढला नाही, मीही नाही.

आता जावईबापूंकडे वळू. वळावंच लागतं, ते रस्त्यातच उभे असतात.

माझी मावसबहीण, म्हणजे ताई, रक्तपेढीत काम करते. दिवसभर उभी असते, कमी बोलते. सगळं बोलणं तिने नवऱ्याकडे सोपवलंय. जावईबापू सल्लागार आहेत. कशाचे, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि विचारलं तर हसतात. आम्हाला जन्मात कळणार नाही असं काहीतरी त्या हसण्यात असतं. त्यांना स्वतःला गाडी येत नाही, पण गाड्यांच्या भवितव्यावर ते तासभर बोलू शकतात. मावशीची वेबसाइट त्यांनीच बनवून दिली होती, तीही घरादारावर उपकार केल्याच्या थाटात. वेबसाइटचं नाव, ज्याला डोमेन म्हणतात, ते कायमचं विकत मिळत नाही. कंपनीकडून वर्षावर्षाच्या भाड्याने घ्यावं लागतं. जावईबापूंनी ते आपल्या खात्यावर घेतलं आणि पैसे भरायला मावशीचं कार्ड जोडलं. खातं त्यांचं, कार्ड तिचं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

शाळा बंद केली तेव्हा मावशीने त्यांना सांगितलं होतं, "ते नावही बंद करून टाका."

"झालं म्हणून समजा, आई. एका क्लिकचं काम आहे."

ते एक क्लिक काही त्यांच्या हातून झालं नाही. पुढच्या वसंतात मावशीच्या फोनवर बँकेचा निरोप आला, की नावाचं नूतनीकरण झालंय आणि पैसे कापले गेलेत. तेव्हा तिला उलगडा झाला, की 'अजून शिकवता का हो?' असे फोन दर आठवड्याला का येतात ते. वेबसाइट जिवंत होती. तिच्यावर मावशीचा हसरा फोटो होता, आणि खाली ठळक अक्षरांत 'प्रवेश सुरू'. मावशी आयुष्यात फोटोसाठी तेवढी एकदाच हसली होती आणि तिला त्याचा पश्चात्ताप होता.

तिने जावयाला फोन लावला. मी शेजारीच होते, फोन स्पीकरवर होता.

"अहो आई, ते आपोआप होतं. ऑटो रिन्यूअल म्हणतात त्याला. राहू द्या ना. नावाला किंमत असते."

"किंमत मी भरली, ते कळलं मला. मला नाव नको आहे. पैसे परत मागवा आणि ते पान काढून टाका."

"असे पैसे परत मिळत नसतात, आई. ह्या क्षेत्रात तसं चालत नाही."

त्या क्षेत्रात कसं चालतं ते मी कंपनीच्याच नियमांत वाचलं. नूतनीकरण नको असेल तर महिन्याच्या आत कळवा, पैसे परत मिळतील, असं तिथं स्वच्छ लिहिलं होतं. अर्थात ते इतक्या बारीक अक्षरांत, की लिहिणाऱ्यालाच ते लिहिल्याची लाज वाटत असावी.

आम्ही कंपनीच्या मागे लागलो. पहिली भेट झाली सखीशी. सखी म्हणजे वेबसाइटच्या कोपऱ्यात बसलेलं, आपोआप उत्तरं देणारं एक यंत्र. मावशी सांगत होती, मी टाइप करत होते.

'नमस्कार! मी सखी. आपला दिवस मी कसा सुंदर करू?'

"लिही, पैसे परत देऊन."

'अरे वा! आपल्याला नूतनीकरणाबद्दल बोलायचं आहे. किती वर्षांसाठी करू या?'

"लिही, एकाही नाही."

'एक वर्ष! उत्तम निवड.'

"हिला गाडी शिकवली असती," मावशी दात ओठ खात म्हणाली, "तर हिने 'थांब' म्हटल्यावर भिंत फोडली असती."

मग फोन. तिथं आधी बासरी वाजली, मग एक आवाज म्हणाला, आपला वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे. "मोलाचा आहे म्हणूनच फुकट घेतायत," मावशी म्हणाली. बासरी पुन्हा सुरू झाली. अखेर एक मुलगा बोलायला आला. त्याचा आवाज असा, की तोंडात पेढ्याएवढा मध धरून ठेवलाय आणि गिळायची परवानगी नाही.

"मॅडम, मी आपली भावना समजू शकतो."

"भावना राहू दे, व्यवहार समज. नाव नको, पैसे परत हवेत."

"नक्कीच मॅडम. पण हे खातं आपल्या नावावर नाही. खातेदार दुसरेच गृहस्थ आहेत, त्यामुळे मला आपल्याशी यावर बोलता येणार नाही."

"कार्ड कुणाचं आहे?"

"कार्ड आपलंच आहे, मॅडम."

"म्हणजे घ्यायला मी चालते आणि द्यायला चालत नाही?"

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. त्याच्यासमोरच्या कागदावर याचं उत्तर नसावं. मग म्हणाला, "मॅडम, आज आपण पुढच्या तीन वर्षांचं एकदम भरलं तर मोठी सूट आहे."

मावशीने फोन ठेवला. पाय मात्र तिने जमिनीवर असा दाबून धरला होता, की मला हसू आलं आणि मग आलेलं हसू गिळावं लागलं.

खातेदारानेच मागायला हवं, तर खातेदाराला गाठायचं. मावशीने जावईबापूंना तसं सांगितलं. ते म्हणाले, मेल टाकतो. मग म्हणाले, टाकलाय, ते लोक बघतायत. मग महिना संपत आला तेव्हा खोल उसासा टाकून म्हणाले, "नाही म्हणाले हो, आई. मी खूप भांडलो. शेवटी मोठ्या कंपन्या या अशाच." तो उसासा इतका सफाईदार होता की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. खरं भांडून आलेला माणूस उसासा टाकत नाही. तो पाणी मागतो.

मावशी म्हणाली, "कंपनीचं ऑफिस कुठं आहे?"

ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. आम्ही बसने गेलो. काचेची इमारत, आत हिरव्या प्लॅस्टिकच्या वेली, भिंतीवर 'आम्ही ऐकतो' असं माणसाच्या उंचीच्या अक्षरांत लिहिलेलं. बसायला एकही धड खुर्ची नाही. जमिनीवर मोठाली मऊ गाठोडी टाकलेली, त्यांत बसलेला माणूस आपलं आपण उठू शकत नाही. "तक्रार घेऊन आलेल्याने उठूच नये अशी सोय केलीय," मावशी म्हणाली आणि गुडघा दुखत असूनही उभीच राहिली. काउंटरवरची मुलगी दोनदा म्हणाली, बसा ना. मावशीने दोनदा तिच्याकडे नुसतं पाहिलं. तिसऱ्यांदा ती मुलगी म्हणाली नाही.

शेवटी एक तरुण साहेब आला. त्याच्या छातीवरच्या पट्टीवर हुद्दा लिहिला होता: ग्राहक आनंद प्रमुख. माझ्या मावशीसमोर उभं राहायला हा हुद्दा लावून यायचं, म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पण त्या बिचाऱ्याला काय ठाऊक!

मावशीने कार्ड दाखवलं, बँकेचा निरोप दाखवला, सगळं सांगितलं. साहेबाने आपल्या संगणकात पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"पण मॅडम, ही तर आनंदाची गोष्ट आहे! आपली तक्रार कधीच मिटली. परताव्याची विनंती आली आणि आम्ही त्याच दिवशी मंजूर केली. ते नाव आता काही दिवसांत आपोआप जाईल."

"पैसे कुठं आहेत?"

"खात्याच्या पाकिटात, म्हणजे आमच्याकडच्याच शिलकीत, जमा केले. खातेदारांनीच तसं सांगितलं, कार्डावर नको म्हणून. आणि त्यांनी ते वापरलेही!" तो एवढा खूश, जणू वाढदिवसाची भेट उघडून दाखवतोय. "त्यातून दुसरं फार छान नाव घेतलंय त्यांनी. 'मनाचा चालक'. घरचंच ना?"

मी माझ्या फोनवर ते नाव टाकलं. पान उघडलं. जावईबापू कोट घालून, हाताची घडी घालून उभे. खाली लिहिलेलं: आयुष्याची गाडी कशी चालवावी, शिका आमच्याकडे. आणि त्याच्याखाली, सुंदर वळणदार अक्षरांत, एकेक करून, 'आयुष्यात आरसा मागचं बघायला असतो, भांग पाडायला नाही.' 'बोंब मारून रस्ता रुंद होत नाही.' आरोपीची कॉलरसुद्धा होती.

मी फोन मावशीसमोर धरला. तिने सगळं वाचलं. मग साहेबाला विचारलं, "पैसे माझ्या कार्डावरून घेतलेत आणि परत त्याच्या पाकिटात घातलेत. हे बरोबर आहे?"

"मॅडम, आमचं धोरण..."

"धोरण नको. बरोबर आहे का, एवढंच सांग."

आनंद प्रमुख खाली बघून म्हणाला, "आमच्या दृष्टीने तक्रार मिटलेली आहे."

बसमध्ये मला वाटलं, आता ही जावयाच्या घरी जाऊन त्याची सालटी काढणार. पण ती म्हणाली, "बँकेपाशी उतरू."

बँकेतली बाई मावशीच्याच वयाची, कपाळावर आठ्या, आवाज सुतळीसारखा. तिने आमची भावना समजून घेतली नाही. आमचा दिवस सुंदर करायचा तिचा काही विचार नव्हता.

"नूतनीकरणाला तुम्ही होकार दिला होतात?"

"नाही. बंद करायला सांगितलं होतं."

"परतावा कार्डावर आला?"

"नाही. दुसऱ्याच्या पाकिटात गेला."

"मग इथं सही करा. आम्ही कंपनीकडून ओढून घेऊ."

त्या सगळ्या फेऱ्यांमध्ये सरळ बोललेलं हे एकमेव माणूस. आणि तिने एकदाही स्मित केलं नाही, हे मुद्दाम नोंदवते. काही आठवड्यांनी पैसे मावशीच्या खात्यात आले. तिने जावयाला एका शब्दाने काही विचारलं नाही, की ताईला सांगितलं नाही. मला म्हणाली, "माझं मला मिळालं. घर त्या पोरीचं आहे, त्यात मी कशाला काडी टाकू?"

काडी पडली ती तिच्या हातून नव्हे. बँकेने पैसे ओढून घेतले की कंपनी त्या खात्याला कुलूप घालते, हे आम्हा दोघींना कुठं माहीत होतं?

'मनाचा चालक'चा शुभारंभ एका फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये होता, रविवारी दुपारी. ताईने आग्रह करून मावशीला नेलं, पहिल्या रांगेत बसवलं. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या, पण जावईबापू भरलेल्या मैदानासमोर बोलावं तसे बोलत होते. गालाला माइक चिकटवलेला. "मित्रांनो, आरसा मागचं बघायला असतो, भांग पाडायला नाही!" लोक हसले. ताईही हसली आणि हसता हसता तिने आईकडे पाहिलं. हे वाक्य आपण कुठं ऐकलंय, ते तिला बहुतेक तेव्हाच आठवलं. मावशी सरळ समोर बघत होती, परीक्षेच्या दिवशी बसायची तशी.

"आता सगळ्यांनी फोन काढा," जावईबापू म्हणाले, "आणि आपल्या वेबसाइटवर आत्ताच्या आत्ता नाव नोंदवा!" मागच्या पडद्यावर त्यांनी स्वतः ते पान उघडलं. पांढऱ्या पडद्यावर कंपनीची एक ओळ आली: हे नाव थकबाकीमुळे बंद आहे, खातेदाराने संपर्क साधावा. त्यांनी पुन्हा उघडलं. तीच ओळ. "तांत्रिक अडचण," ते हसून म्हणाले. मागून कुणीतरी म्हणालं, "थकबाकी म्हणतंय हो." जो माणूस दुसऱ्यांना आयुष्य चालवायला शिकवायला निघाला होता, तो अर्ध्या मिनिटात घामाने निथळला. मला वाईट वाटायला हवं होतं. मी प्रयत्न करून पाहिला, पण जमलं नाही.

घरी पोचेपर्यंत त्यांनी कंपनीला फोन लावून कारण काढलं होतं. दारातच मावशीवर आले.

"आई, तुम्ही बँकेत तक्रार केलीत? एवढ्याशा पैशांसाठी?"

"एवढेसेच होते, तर नवं नाव स्वतःच्या खिशातून का नाही घेतलंत?"

"कसले पैसे?" ताईने विचारलं.

मग मीच बोलले. सखीपासून आनंद प्रमुखापर्यंत सगळं सांगितलं. ताई चपला न काढता ऐकत उभी होती. मग नवऱ्याला म्हणाली, "तू तर म्हणालास, कंपनीने नकार दिला. तू भांडलास म्हणालास."

"अगं, तांत्रिकदृष्ट्या पैसे घरातच होते..."

"आणि वाक्यं? तीही घरातलीच म्हणून उचललीस?"

जावईबापूंनी उसासा टाकायला श्वास घेतला, पण ताईचा चेहरा बघून तो तसाच आत ठेवला. मग ती आईकडे वळली. "तू मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू पर्समधून काढून दिले असतेस. हा सुटला असता आणि तू उभी राहून राहून कमावलेले गेले असते."

"पण एवढं मागे लागण्यासारखं काय होतं आई त्यात? पडून राहिलं असतं ते नाव."

मावशी खुर्चीवर बसली. बराच वेळ गुडघा चोळत राहिली. "लोक फोन करायचे," ती म्हणाली. "अजून शिकवता का, विचारायचे. दर वेळी मला नाही म्हणावं लागायचं. एकदा तर हो म्हणता म्हणता राहिले." आणि मग तिने ताईला सायकलवरच्या बाईबद्दल सांगितलं.

ताई म्हणाली, "मला वाटलं, तुला मूर्खांचा कंटाळा आला."

"मला? मूर्खांचा?" मावशी म्हणाली. "अगं, मूर्खांवर तर पोट होतं माझं. माणसं होती ती. रोज यायची."

ताई तिच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली. जावईबापू मधेच म्हणाले, की आईंनी बँकेला तक्रार मागे घ्यायला सांगितली तर अजूनही सगळं सुरळीत होईल. दोघींनीही एकदमच त्यांच्याकडे पाहिलं. तेव्हा कुठं त्यांना आपण पाणी प्यायला आत जावं असं वाटलं.

तक्रार मावशीने मागे घेतली नाही. जावईबापूंनी दंडासकट पैसे भरून आपलं नाव सोडवलं. त्या पानावरून मावशीची वाक्यं ताईने समोर बसून काढून टाकायला लावली. त्यानंतर तिथं जे उरलं ते वाचून कुणी नाव नोंदवल्याचं ऐकिवात नाही. 'सावकाश'चं पान नाहीसं झालं, फोन थांबले. कंपनीकडून मावशीला एक निरोप मात्र आला: आमच्या सेवेने आपण किती आनंदी आहात, एक ते पाच तारे द्या. मावशीने मला विचारलं, "यात शून्य कुठं आहे?" शून्य नव्हतं. तिने फोन पालथा ठेवला.

जावईबापू अजून रविवारी येतात. खुर्चीच्या कडेवर बसतात, चहा पितात आणि कुणी विचारल्याशिवाय सल्ला देत नाहीत. कुणी विचारतही नाही. मावशी त्यांना पूर्वी नुसतं 'अहो' म्हणायची. आता आवर्जून, पूर्ण तोंड भरून 'जावईबापू' म्हणते, आणि दर वेळी त्यांची मान थोडी आत जाते.